मागे बसणारी

दाराची कडी वाजू नये म्हणून तिच्याखाली बोट धरून दार उघडणारा माणूस एक तर चोर असतो, नाही तर काहीतरी लपवत असतो. माझा नवरा चोर नव्हता. हायस्कुलात ड्रॉइंग शिकवणारा साधा मास्तर होता. त्या दिवशी उजाडायच्या आधी तो उठला, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा चढवला, मी झोपले आहे याची वाकून खात्री करून घेतली आणि बाहेर पडला. मी जागीच होते. खिडकीच्या फटीतून पाहिलं, तर लग्नात माझ्या आबांनी दिलेली नवी कोरी मोटारसायकल तो ढकलत ढकलत गल्लीच्या तोंडाकडे नेत होता. किल्ली खिशात, टाकी भरलेली, आणि हा बाबा दोन्ही हातांनी हँडल धरून तिला वासरासारखी चालवत नेत होता.

तासाभराने तो तशीच ढकलत घेऊन आला. मी अंगणात सडा घालत होते. मला बघून दचकला आणि म्हणाला, "जरा पुसून आणली. धूळ फार बसती." धूळ पुसायला माणूस गाडी घेऊन गावाबाहेर कशाला जाईल? त्याच्या विजारीला कुसळं चिकटली होती आणि उजवी बाही कोपरावर फाटून आत खरचटलं होतं. दोन्ही गोष्टी मी मनात नोंदवून ठेवल्या. त्यानंतर रोज पहाटे तेच.

माझे आबा गावचे पोलीसपाटील. दुधाचं पातेलं रिकामं दिसलं तर आधी मांजराच्या मिशा बघायचे आणि मग आमचे ओठ. अशा घरात वाढलेल्या मुलीला संशय घ्यायला शिकवावं लागत नाही. त्यात मी नवी नवरी. नव्या नवरीला सासरचं मांजर जरी आडवं गेलं तरी त्यात काहीतरी डाव वाटतो.

आणि त्या घरात डाव होता, ही माझी खात्री होती. मी स्वयंपाकघरात शिरले की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बोलता बोलता एकदम थांबायच्या आणि "कोथिंबीर निवडली का गं?" असं काहीतरी विचारायच्या. कोथिंबीर त्या स्वतःच निवडत असायच्या. शेजारची चुलतसासू माझ्याकडे बघून पदरात तोंड लपवून हसायची. नवऱ्याचं नाव हिंदुराव. नाव ऐकून वाटावं की हातात तलवार असेल, पण हा पेन्सिलीला टोक करतानाही जीभ दाताखाली धरायचा. स्वभावाने गरीब, माझ्याशी गोड. पण गाडीचा विषय काढला की त्याचं तोंड उतरायचं. लग्नात वरातीच्या वेळी त्याचा हात मुरगळला होता म्हणे, म्हणून गाडी त्याच्या मामांनी आणली. मामांचं शहरात गॅरेज होतं. तो मुरगळलेला हात वैशाखापासून दसऱ्यापर्यंत काही बरा झाला नव्हता. गाडी दारापुढच्या सोप्यात जुन्या चादरीखाली झाकून उभी असायची आणि दसऱ्याला तिची पूजा झाली तीसुद्धा जागच्या जागी.

अशात आबांचा निरोप आला. दिवाळसणाला जावयांनी गाडीवरून यायचं. घाटाखाली आमच्या गावात रीतच होती तशी. पहिल्या दिवाळीला जावई येतो तेव्हा वेशीपासून घरापर्यंत लोक ओट्यावर येऊन बघत बसतात. मला माहेरी न्यायला मुराळी म्हणून माझा चुलतभाऊ संपत येणार होता, तोही त्याच्या गाडीवरून.

निरोप ऐकून नवऱ्याच्या हातातला चहा बशीत सांडला. म्हणाला, "यष्टीनं गेलं तर? दिवाळीत रस्त्याला गर्दी असती." मी म्हटलं, आबांनी गाडी दिली ती काय चादरीखाली ठेवायला? त्यावर तो बशीतला चहा परत कपात ओतत राहिला. मला त्याचा अर्थ एकच लागला, की याला माझ्या माहेरी जायचंच नाही. याचा जीव इथेच कुठेतरी अडकला आहे, आणि रोज पहाटे हा तिकडेच जातो.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या मागोमाग निघाले. आत्याबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून पैंजण काढून उशीखाली ठेवले. गावाबाहेर जनावरांच्या बाजाराचा माळ आहे. बाजार आठवड्यातून एकदा, बाकीचे दिवस तिथे शेणाचा वास आणि कुत्री. धुकं होतं. मी बाभळीच्या आडोशाला उभी राहिले आणि वाकून पाहिलं. गाडी माळावर सावकाश फिरत होती. पुढे माझा नवरा. मागे डोक्याला, तोंडाला फडकं गुंडाळलेलं कुणीतरी त्याला चिकटून बसलेलं, दोन्ही हात त्याच्या काखेतून पुढे घालून. हातात बांगड्या होत्या. त्या मला धुक्यातही दिसल्या.

मी घरी आले, चूल पेटवली आणि धूर झाला म्हणून रडून घेतलं. आता कळलं होतं, आत्याबाई का गप्प होतात आणि चुलतसासू का हसते. सगळ्या घराला ठाऊक होतं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. आबांना चिठ्ठी लिहायला बसले, पण काय लिहायचं? बांगड्या कुणाच्या ते मला कुठे माहीत होतं? आबा पहिला प्रश्न तोच विचारणार. अर्धवट माहितीवर आलेल्याला आबा दारातून परत पाठवायचे. म्हणून ठरवलं, आधी ती बाई कोण ते बघायचं.

बाजाराच्या माळावर जनावरांना पाणी पाजायला दगडी हौद आहे. पुढच्या पहाटे तो गाडी ढकलत बाहेर पडला तशी मी आडवाटेने त्याच्या आधी माळावर पोचले आणि हौदामागे जाऊन बसले. थोड्या वेळाने गाडी आली, नेहमीसारखी ढकलत. मग ती बाई आली. गाडी चालू झाली, गेली, वळली, आणि हौदापासून हाकेच्या अंतरावर धडकन आडवी झाली.

"दादा, तुला काल काय सांगितलं होतं?" ती बाई ओरडली.

कांचन होती. माझी नणंद. कॉलेजसाठी मामांकडे शहरात राहायची, सहामाही परीक्षा देऊन सुटीला आली होती. आमच्या खोलीमुळे घरात जागा उरली नव्हती, म्हणून झोपायला शेजारी चुलतीकडे जायची. अंगात भावाचा जुना शर्ट, डोक्याला फडकं, आणि आवाज असा की शाळेतला हेडमास्तर गप्प बसावा.

नवरा धूळ झटकत उठला. म्हणाला, खड्डा आडवा आला. ती म्हणाली, "खड्डा कशाला आडवा येतोय? तू त्याच्याकडं टक लावून बघत हुतास. बघशील तिकडंच गाडी जाती. खड्डा दिसला की जायचंय त्या वाटंकडं बघायचं, खड्ड्याकडं न्हाई. चल, उचल."

मग दोघांच्या बोलण्यातून मला सगळंच कळलं. माझ्या नवऱ्याला गाडी येतच नव्हती. लग्नाच्या बोलणीत मध्यस्थाने, पोरगा गाडी झकास चालवतो, असं आबांना ठोकून दिलं होतं. आबांनी लगेच, मग जावयाला गाडीच देतो, म्हणून सांगून टाकलं. आणि तेव्हापासून ते सगळं घर या एका थापेखाली दबून गेलं होतं. मामांच्या गॅरेजमध्ये राहून गाडी शिकली होती ती कांचन. तेही झाकून ठेवायचं होतं, कारण तिला स्थळं बघणं चाललं होतं आणि गाडी उडवणारी मुलगी कोण करून घेणार? एका घरात दोन चोऱ्या. भावाला येत नाही ही एक, बहिणीला येतं ही दुसरी. आणि दोन्ही माझ्यापासून लपवायच्या, कारण मी पाटलाची पोर.

दुसरी बाई नाही हे कळल्यावर मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ते बरं वाटणं हौदापासून घरापर्यंतसुद्धा टिकलं नाही. एवढं गुपित पाळणारी माणसं आणखी काय काय पाळत असतील? शिवाय पुढचा विचार आला. दिवाळसण तोंडावर. घाट उतरायचा. पुढे हा बसणार, आणि मागे मी.

तेव्हापासून मी रोज हौदामागे जाऊ लागले. विश्वास नव्हता म्हणून. हा खरंच शिकतोय की वेळ मारून नेतोय, ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. कांचनचा एकेक शब्द मी ऐकत होते, आणि हा त्यातलं काय करतो नि काय विसरतो ते मनात धरत होते. ती त्याला दोन्ही ब्रेक एकदम, हळूहळू दाबायला लावायची. एकटा पुढचा दाबलास तर खडीवर गाडी खालून सटकेल म्हणायची. वळणाच्या आधी हळू व्हायचं, वळणात शिरल्यावर नव्हे. मागे माणूस बसलं की गाडीला थांबायला जास्त जागा लागते, म्हणून ती स्वतः मागे बसून, काखेतून हात घालून त्याला थांबायला शिकवायची. ते काखेतले हात आता मला कळत होते.

माळाच्या एका अंगाला, हौदाला लागूनच, लांब उतार आहे. तिथे एक दिवस ती त्याला घेऊन गेली आणि म्हणाली, "आता घाट. आपल्याकडं समदी काय करत्यात? उतार लागला की न्यूट्रल करायचं, किल्ली फिरवून इंजिन बंद. पेट्रोल वाचतंय म्हणं. मामांच्या गॅरेजात असल्या शहाण्यांच्या गाड्या येत्यात, दादा. वाकडी चाकं, रक्ताचे डाग. इंजिन गाडीला मागं धरून ठेवतंय. ते सोडलंस तर समदा भार एकट्या ब्रेकवर, आणि ब्रेक तापला की त्याला काय बी कळत न्हाई. घाट चढताना जो गिअर लागंल, त्याच गिअरात उतरायचं."

नवऱ्याने विचारलं, आणि चुकून बंद झालीच तर? तिने त्याला तेही करायला लावलं. उतारावर किल्ली बंद, मग चालत्या गाडीतच किल्ली चालू, क्लच दाबून गिअर टाकायचा, क्लच हळू सोडायचा. पहिल्यांदा तो पडला. दुसऱ्यांदा गाडीने हिसका दिला आणि इंजिन धडधडायला लागलं. हौदामागे मी नकळत टाळी वाजवणार होते, स्वतःचा हात स्वतःच धरला.

दिवाळी आली. संपत मुराळी म्हणून आला तो हॉर्न वाजवतच. केस मागे फिरवलेले, शर्टाची वरची दोन बटणं उघडी. मला ताई म्हणायचा, पण बोलताना बघायचा सगळीकडे. आत्याबाईंनी चाकाखाली लिंबू ठेवलं. कांचन दारातच उभी होती, सलवार-कमीज घालून, अगदी गरीब गाय. तिने मामांकडून आणलेलं, माळावरच्या उतारावर घालायला लावलेलं हेल्मेट भावाच्या हातात दिलं. त्या वेळी आमच्याकडे हेल्मेट म्हणजे पोलिसांचं नाही तर सिनेमातलं. संपत हसून म्हणाला, "दाजी, क्रिकेट खेळाय निघालाय व्हय?" झालं. नवऱ्याने हेल्मेट हँडलला अडकवलं. कांचनच्या कपाळावर आठी पडली ती मी पाहिली. ती माझ्याकडे आली, माझा पदर पोटाशी घट्ट खोचून दिला आणि म्हणाली, "वहिनी, पाय चाकाकडं जाऊ देऊ नका. आणि दादाला..." तिथेच ती थांबली. तिला वाटलं, मला काही ठाऊक नाही.

पठारावरचा रस्ता सरळ. नवरा बरा चालवत होता. खांद्यावर माझा हात होता, त्यामुळे तो किती ताठ बसला आहे ते मला कळत होतं, पण गाडी सरळ जात होती. घाटाच्या तोंडाशी संपतने गाडी हळू केली, आमच्या बाजूला आला आणि म्हणाला, "दाजी, इथनं बंद करायची. खालपतुर इंजिनाचं कामच न्हाई. आबासुद्धा बंद करूनच उतरत्यात." किल्ली फिरवून तो पुढे निघूनही गेला, आवाज न करता.

मला वाटलं, हा ऐकणार नाही. एवढं सगळं माळावर ऐकलंय. पण संपत वळणावर मान वळवून बघत होता, आणि सासुरवाडीच्या माणसासमोर नवशिका दिसायचं नव्हतं. गाडी न्यूट्रल झाली आणि खट्ट करून किल्ली फिरली.

पहिलं वळण छान गेलं. वाऱ्याचा आवाज तेवढा. दुसऱ्या वळणाआधी गाडीने वेग घेतला. त्याने ब्रेक दाबला, सोडला, परत दाबला. चाकातून जळका वास यायला लागला. संपत केव्हाच दिसेनासा झाला होता. तिसरं वळण उजवीकडचं, बाहेरच्या अंगाला बुटका कठडा आणि पलीकडे नुसती दरी. खालून यष्टीच्या हॉर्नचा आवाज आला. मी नवऱ्याच्या मानेकडे पाहिलं. मान कठड्याकडे वळलेली होती. तो टक लावून कठड्याकडे बघत होता, आणि गाडी तिकडेच चालली होती.

"कठड्याकडं बघू नका," मी त्याच्या कानाशी म्हटलं. "जायचंय त्या वाटंकडं बघा."

मान वळली. गाडीही वळली. कठडा माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावरून मागे गेला.

"किल्ली फिरवा," मी म्हटलं. "क्लच दाबा. आता गिअर टाका, एकेक करून. आता क्लच सोडा. हळू, एकदम नको."

गाडीने हिसका दिला, माझं कपाळ त्याच्या पाठीवर आपटलं आणि इंजिन धडधडायला लागलं. कुणीतरी मागून लगाम खेचावा तशी गाडी सावरली. यष्टी वळणावरून आमच्या अगदी जवळून वर गेली, ड्रायव्हर काहीतरी शिवी देऊन गेला. नवऱ्याने आणखी खालचा गिअर टाकला, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबले आणि रुंद जागा बघून गाडी डोंगराच्या कडेला थांबवली.

आम्ही दोघंही उतरलो. त्याने चाकाखाली दगड लावला.

"हे तुला कुणी शिकवलं?" त्याने विचारलं.

"तुमच्या बहिणीनं."

"कधी?"

"रोजच. जनावरांच्या हौदामागनं."

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं, तसा तो खाली एका दगडावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला वाटलं रडतोय. तो हसत होता, आणि मध्येच रडतही होता.

"मला येतंय, असं मी कधीच म्हणालो नव्हतो," तो म्हणाला. "येत नाही, असंही म्हणालो नाही. तुझे आबा समोर बसले होते. रोज वाटायचं, आज तुला सांगू. मग वाटायचं, तू पाटलांची पोर. तुला सांगितलं म्हणजे तिकडं कळलं."

मला राग यायला हवा होता, तो आलाच नाही. हँडलला अडकवलेलं हेल्मेट काढून मी त्याच्या डोक्यात घातलं आणि पट्टा लावला. पट्टा कसा लावायचा तेही मी हौदामागूनच पाहिलं होतं. उरलेला घाट आम्ही दुसऱ्या गिअरात उतरलो. बैलगाडीतली माणसंसुद्धा आमच्याकडे दयेनं बघत होती.

वेशीपाशी संपत पाय पसरून गाडीवर आडवा पडला होता. गावभर एकच चर्चा झाली, की दाजी इंजिन चालू ठेवून घाट उतरतात आणि डोक्यात मडकं घालतात. ओवाळणं झालं, उटणं झालं, फराळ झाला. नवरा सगळं हसून सोसत होता. आबा मात्र हसले नाहीत. ओट्यावरून उतरून ते गाडीभोवती एक फेरी मारून आले. मागच्या चाकाशी वाकून त्यांनी वास घेतला. मग मला परसात बोलावलं.

"वैजू, खरं सांग. ह्येला गाडी येती?"

चोराला विचारताना आबांचा जो आवाज असायचा, तोच होता. त्या आवाजापुढे मी लहानपणापासून कधी खोटं बोलू शकले नव्हते.

"येती," मी म्हटलं.

"कधीपासनं?"

मी तुळशीची वाळकी पानं खुडायला लागले. आबांच्या मिशीखाली हसू आलं. म्हणाले, "मला बोलणीतच कळलं हुतं. गाडी चालवणाऱ्याच्या डाव्या बुटाला वरनं गिअरचा काळा पट्टा पडतोय. जावयाचा बूट दोन्हीकडनं सारखा चकचकीत. मध्यस्थ फेकत हुता, आणि ह्यो गप बसला हुता. म्हटलं, बघू तरी. खोटं निस्तरतोय का पळतोय. म्हणूनच गाडी दिली. न्हाईतर मी हार-तुऱ्यावर भागवणार हुतो." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "पळाला न्हाई. शिकून आला. माणूस पास झाला बघ, वैजू."

मी त्यांचा हात पाठीवरून काढला. आयुष्यात पहिल्यांदा.

"आणि नापास झाला असता तर?" मी म्हटलं. "आबा, मागं मी बसले होते."

पोलीसपाटलाने सगळं बघितलं होतं, बुटाचा पट्टा, मध्यस्थाचे डोळे, जावयाचं गप्प बसणं. त्या गाडीला मागेही एक सीट असते, हे तेवढं त्यांच्या नजरेतून सुटलं होतं. घाटातली ती तीन वळणं मी त्यांना सांगितली. कठडा सांगितला, यष्टी सांगितली. त्यांचंच नाव सांगून संपतने इंजिन बंद करायला लावलं, तेही सांगितलं. बोलताना माझा आवाज चढला नाही, पण पदराचा शेव माझ्या मुठीत चुरगळून गेला होता.

"पुन्हा कुणाला पारखायचं असलं," मी म्हटलं, "तर आधी तुम्ही त्याच्या मागं बसा."

ते खाली मान घालून परसातल्या तुळशीपाशी उभे राहिले. मी आत निघून आले. रात्री जेवायला त्यांनी तब्येतीचं कारण सांगितलं. आईने मला खोदून खोदून विचारलं, मी ताटं घासायला घेतली.

पाडव्याच्या सकाळी ओट्यावर गर्दी होती. संपत पुन्हा नवऱ्याला चिडवत होता, दाजी, एक चक्कर तरी मारून दाखवा, म्हणत होता. तेवढ्यात आबा आतून आले. ठेवणीतला कोट, डोक्याला फेटा. गावात आबा कुणाच्या मागे बसून जात नसत. पोलीसपाटील दुसऱ्याच्या गाडीवर मागे बसला तर लोक काय म्हणतील, असं ते स्वतःच सांगायचे.

"जावईबापू," ते सगळ्यांसमोर म्हणाले, "मला देवळापतुर सोडा. आणि इंजिन चालू ठेवूनच जाऊ."

संपतचं हसू तोंडातच राहिलं. माझा नवरा उठला, हेल्मेट घातलं, पट्टा लावला. आबा धोतर सावरून मागे बसले. बसताना त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी काही खूण केली नाही.

गाडी निघाली. देवळाकडचा रस्ता उताराचा, शेवटी एक वळण. वळणाच्या आधी गाडी हळू झाली. आबांचा हात नवऱ्याच्या खांद्यावर होता, आणि ओट्यावरूनसुद्धा मला दिसलं की त्यांनी तो खांदा मुठीत आवळून धरला होता. माझे आबा भ्याले होते. भ्याले होते, तरी बसले होते.